गावात विक्रीची किंवा देवघेवीची नोटीस टाकताना या चुका टाळा

"म्हैस विकणे आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा." एवढ्या दोन ओळी आणि खाली अंधाऱ्या गोठ्यात काढलेला एक फोटो. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी नोटीस पडते आणि लगेच विचारणा सुरू होते. कितीला? कितव्या वेताची? गाव कुठलं? मालक मळ्यात, फोन घरी चार्जिंगला. संध्याकाळपर्यंत ती नोटीस वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. दुसऱ्या दिवशी तीच परत टाकली जाते, तशीच अर्धवट.

ज्याला दहा मिनिटं बसून नीट लिहायचा कंटाळा येतो, त्याला पुढे दहा दिवस फोन घ्यावे लागतात. म्हणून नोटीस आधी कागदावर लिहावी, घरातल्या एकाला वाचायला द्यावी, त्याला एकही प्रश्न पडला नाही की मग टाईप करावी. व्हॉइस मेसेजवर नोटीस देऊच नये. तो शोधून सापडत नाही आणि त्यातला नंबर लिहून घ्यायला कोणी थांबत नाही.

दुधाचा आकडा

जनावराच्या नोटिशीत सगळ्यात जास्त फसगत दुधाच्या आकड्याने होते. "१२ लिटर दूध" एवढंच लिहिलं की चार गोष्टी झाकल्या जातात. एका वेळचं, की दोन्ही वेळचं मिळून? आज निघतंय, की मागच्या वेताला निघत होतं? व्याल्याला किती दिवस झाले? खुराक काय चालू आहे? म्हैस व्याल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दूध सगळ्यात वर जातं, मग उतरत जातं. पाचव्या महिन्यात विकायला काढलेल्या म्हशीचं दुसऱ्या महिन्यातलं दूध लिहिणं ही फसवणूकच आहे, भले तो आकडा त्या वेळी खरा असो.

पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. कराडकडची नोटीस या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जात जतला पोहोचते. तिकडचा माणूस भाड्याने पिकअप करतो, सोबत एक जाणकार घेतो आणि शंभराहून जास्त किलोमीटर तोडून येतो. संध्याकाळची एक धार बघतो. कास गच्च, बादली भरलेली. पैसे देऊन म्हैस घेऊन जातो आणि घरी दोन्ही वेळचं मिळून सात लिटरच निघतं. त्या दिवशीची सकाळची धार काढलेलीच नसते, दूध तुंबवून ठेवलेलं असतं. एक सडही अधू निघतो. मग ग्रुपवर भांडण, मध्यस्थाला फोन, दोन्हीकडच्या पाहुण्यांची बैठक. शेवटी म्हैस परत येते आणि दोन खेपांचं भाडं कोणाच्या अंगावर, यावरून वर्षभर बोलणं बंद होतं.

कधी विकणाऱ्याने काहीच लपवलेलं नसतं. प्रवास, नवी जागा, नवा हात यामुळे म्हैस पान्हा चोरते आणि चार-आठ दिवस कमी दूध देते. पण नोटिशीत काहीच लिहिलेलं नसलं, की खरा माणूसही लबाडांच्या रांगेत जाऊन बसतो. याचा राग येतो, कारण एक ओळ जास्त लिहिली असती तर त्याचं नाव खराब झालं नसतं.

नोटीस अशी असावी:

"मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, रविवार, ५ ऑक्टोबर २०२५ ला व्यालेली, खाली रेडी. शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५ चं दूध सकाळी ५ लिटर, संध्याकाळी ४ लिटर. चारही सड चालू. लाळ्या-खुरकुताची लस झालेली. कानात बिल्ला आहे. किंमत ९५ हजार, समोर बसून थोडं कमी-जास्त होईल. सलग तीन धारा बघून न्या. मु. नागठाणे, ता. पलूस. फोन सकाळी ९ ते ११. नोटीस रविवार, ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंतच."

घेणाऱ्याने पहिली धार आपल्यासमोर पूर्ण मोकळी करून घ्यावी आणि पुढच्या दोन, बारा-बारा तासांच्या अंतराने, मापाने मोजाव्यात. मुक्काम करायची तयारी नसेल तर मोठा व्यवहार करू नये. डेअरीचं दहा दिवसांचं बिल मागावं, त्यात लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) दिसतं. पण गोठ्यात दोन म्हशी असतील तर बिल दोघींचं मिळून असतं, हे लक्षात ठेवावं. गाभण असेल तर "गाभण आहे" एवढ्यावर भागत नाही. रेतनाची तारीख लिहावी आणि डॉक्टरने तपासली आहे का तेही लिहावं. म्हशीचे साधारण ३१० दिवस आणि गाईचे २८० धरले, की घेणारा विण्याची तारीख स्वतः काढतो.

खोंडाचं वय सांगू नये, दात सांगावेत: आदत (अजून दुधाचेच दात), दुसा (दोन पक्के दात), चौसा (चार), की जुळलेला (सगळे आलेले). वर्षांबद्दल वाद होतो, दात तोंड उघडून बघता येतात. कानातला बारा अंकी बिल्ला नसेल तर नोटीस टाकण्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन तो मारून घ्यावा. राज्यात २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. विकल्यावर त्याच बिल्ल्यावरची मालकाची नोंदही बदलून घ्यायची असते. ती बहुतेक जण विसरतात.

फोटो चार पुरतात: दोन्ही बाजूंनी उभं जनावर, मागून कास, आणि तोंड. दिवसा, उघड्यावर.

"उद्या" लिहिणं

दुसरी चूक विक्रीपुरती नाही, सगळ्याच नोटिशींना लागलेली आहे. "उद्या पाणी सुटणार." "उद्या सकाळी ९ वाजता रक्षाविसर्जन." "उद्या मेंढ्यांचं लसीकरण." लिहिणाऱ्याच्या मनात तारीख पक्की असते. पण मेसेज पुढे पाठवला की मूळ तारीख सोबत जात नाही, समोरच्याला फक्त तो मेसेज त्याच्याकडे आल्याची वेळ दिसते. म्हणजे प्रत्येक फॉरवर्डबरोबर तो "उद्या" एक दिवस पुढे सरकतो.

याचा फटका वस्तीवरच्या माणसाला बसतो. आटपाडी किंवा माणमधला मेंढपाळ मेसेज वाचून कळप वळवतो, निम्मा दिवस चालून दवाखान्यापाशी येतो आणि शिबिर दोन दिवसांपूर्वीच होऊन गेलेलं असतं. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाचा मागच्या पाळीचा मेसेज फिरत राहतो आणि पाण्याच्या भरवशावर कोणी उसाची लागण काढून बसतो. मयताच्या निरोपात तर ही चूक अक्षम्य आहे. लांबचे पाहुणे सावडण्याला येतात आणि दारात कळतं की ते कालच झालं. त्या घरावर आधीच दुःख, त्यात ही शरमिंदगी.

"उद्या", "परवा", "येत्या सोमवारी" हे शब्द नोटिशीत येऊच देऊ नयेत. वार, तारीख, महिना आणि वर्ष, चारही लिहावेत: "गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५". वार आणि तारीख दोन्ही असल्या की एकात चूक झाली तरी वाचणाऱ्याच्या ती ध्यानात येते आणि तो विचारतो. नोटीस कधीपर्यंत धरायची ते शेवटच्या ओळीत लिहावं. ती ओळ फॉरवर्डबरोबर गावोगाव जाते आणि शिळी नोटीस तिथेच थांबते.

याच चुकीचा दुसरा भाग म्हणजे विकून झाल्यावर न कळवणं. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं दुरुस्त करायला पंधराच मिनिटं मिळतात आणि सर्वांसाठी खोडायला साधारण दोन दिवस. त्यानंतर एकच मार्ग राहतो: आपल्याच नोटिशीला रिप्लाय करून "विकली", खाली तारीख. ज्या ज्या ग्रुपवर टाकली होती तिथे सगळीकडे. "आता विकली, माझं काम झालं" म्हणणारा माणूस पुढच्या वेळी काही विकायला आला की लोक त्याची नोटीस उघडत नाहीत. ॲडमिनने महत्त्वाची नोटीस वर पिन करावी. ती चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस ठेवता येते. काम झालं की काढावी.

पत्ता आणि किंमत

नुसतं "नागठाणे" लिहू नका. ते सातारा तालुक्यात आहे आणि पलूस तालुक्यातही. वडगाव म्हणाल तर कराडला वडगाव हवेली, खटावला वडगाव जयराम स्वामी. तालुका लिहायला एक सेकंद लागतो. "किंमत फोनवर" ही सवय सोडा. अंदाज तरी लिहा, म्हणजे ज्याच्या आवाक्यात नाही तो तुमचा आणि स्वतःचा वेळ खाणार नाही.

पैसे घेताना

जुनी मोटरसायकल किंवा फ्रीजची नोटीस बाहेरच्या ग्रुपवर गेली की एक ठरलेला फोन येतो: "मी फौजेत आहे, बदली झाली आहे, वस्तू न बघता घेतो, पैसे आत्ताच पाठवतो." सोबत ओळखपत्राचा फोटो. आपल्याकडे घरटी फौजी असलेली गावं आहेत, साताऱ्याजवळचं अपशिंगे तर मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. म्हणून आपली माणसं फौजी म्हटलं की पटकन विश्वास ठेवतात आणि भामटे नेमका त्याचाच फायदा घेतात. पुढे क्यूआर कोड येतो, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील."

पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. "पाच रुपये पाठवून बघा, दहा परत येतील" हीसुद्धा त्याच जाळ्यातली पहिली गाठ आहे. पैसे जमा झाल्याचा मेसेज समोरच्याने दाखवला तरी आपल्या बँकेच्या खात्यात शिल्लक बघितल्याशिवाय वस्तू हलवू नये. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

विसार (आगाऊ रक्कम) दिला-घेतला तर साध्या कागदावर का होईना, रक्कम, तारीख, उरलेले पैसे कधी आणि व्यवहार मोडला तर विसाराचं काय, या चार गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. "आपल्यातलाच आहे" म्हणून कागद टाळतात आणि तिथेच आपल्यातले परके होतात. आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. बघायला येईल त्याला घरी दाखवावेत.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि कागद

"ट्रॅक्टर विकणे, कागदपत्रे क्लिअर" असं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या आरसी बुकावर बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) तसाच असतो. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो उतरवावा लागतो, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलतं. नोटिशीत मॉडेलचं वर्ष, एचपी, मीटरचे तास, कितवा मालक, टायर किती टक्के, विमा कोणत्या तारखेपर्यंत आणि बोजा आहे की उतरला, हे लिहावं. पासिंग एमएच १०, ११ की ५० (सांगली, सातारा की कराड) तेही लिहावं.

नुसत्या स्टँपवर लिहून देऊन ट्रॅक्टर सोडणारा विकणारा सगळ्यात जास्त धोका पत्करतो. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. नव्या माणसाने उसाच्या खेपेला अपघात केला तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. नाव बदलेपर्यंत काही रक्कम मागे ठेवायची, असं दोघांनी आधीच ठरवावं.

बाकीचं, थोडक्यात

कडबा: शाळूचा की हायब्रीड ज्वारीचा, भिजलेला का, शेकड्याचा दर जाग्यावर की पोहोच, आणि भरणी कोणाची.

शेणखत: "ट्रॉली" हे माप नव्हे. लांबी, रुंदी, फाळक्याची (बाजूच्या फळीची) उंची फुटात लिहा. गुणाकाराला १०० ने भागलं की ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट).

उसाचं बेणं: जात (८६०३२, पाडेगावचं २६५, जी असेल ती), लागणीची तारीख आणि लागण की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक). नऊ ते अकरा महिन्यांचं लागणीचं बेणं विका, खोडव्याचं बेणं म्हणून खपवू नका.

पाणबुडी मोटर: एचपी, किती स्टेज, डिलिव्हरी किती इंची, रिवाइंडिंग झालं आहे का. विहिरीत सोडून चालवून दाखवण्याची तयारी नसेल तर तसं आधीच लिहा.

ठिबकच्या नळ्या: १६ मिमी की १२, ड्रिपरचं अंतर, किती वर्षं वापरल्या.

पेरणी यंत्र किंवा एचटीपी (फवारणीचा) पंप वापरायला देताना: डिझेल कोणाचं, मोडलं तर कोण भरणार, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत परत, आणि धुऊन परत. तणनाशक मारलेला पंप न धुता पुढच्याने द्राक्षबागेत नेला तर बागेचं होणारं नुकसान पंपाच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं असतं.

फलकावरच्या कागदासाठी डेअरीची भिंत सगळ्यात चांगली, कारण दोन्ही वेळा घरटी एक माणूस तिथे रांगेत उभा असतो. त्यानंतर पिठाची गिरणी. स्केचपेनचं अक्षर पहिल्या पावसात उतरतं, म्हणून बॉलपेन किंवा पक्क्या शाईचा मार्कर वापरा. मथळा एक इंच उंचीचा. फोन नंबर पाच-पाच आकडे तोडून लिहा. कागद दुसऱ्याच्या नोटिशीवर चिकटवू नका, आणि व्यवहार झाला की स्वतः जाऊन काढा.