आठ मुलांचा वर्ग शिकवताना या चुका टाळा

कोपरखैरण्यातली एक खोली, तेरा ते सोळा वयोगटातली आठ मुले आणि एक शिक्षक, असा माझा वर्ग आहे असे सांगितले की नेहमीच्या शाळांतले सहकारी हमखास म्हणतात, "आठच ना? मग आरामच आहे की." पहिली चूक याच समजुतीत आहे. पन्नासांच्या वर्गात एखाद्याने वही उघडली नाही तर ते गर्दीत खपून जाते. आठांच्या वर्गात ते सगळ्यांना दिसते आणि सर आता काय करणार म्हणून उरलेले सातही जण टक लावून बसतात. राग आवरता न येणारी, सतत धास्तावलेली, मोठ्या माणसांवरचा विश्वास उडालेली मुले या वर्गात येतात आणि त्यांना येथे लपायला जागाच नसते. ती शिक्षकालाही नसते. माझ्या अनुभवात अशा वर्गातल्या बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत. आपण जे करतो ते सात प्रेक्षकांसमोर करतो, याचा विसर पडल्यामुळे होतात.

चारचौघांत आव्हान देणे

पहिल्या वर्षी मी स्वतः केलेली चूक सांगतो. पंधरा वर्षांचा एक मुलगा गणिताच्या तासाला हाताची घडी घालून बसला होता. मी फळ्याजवळूनच म्हणालो, "वही काढ." तो म्हणाला, "नाही काढणार." मी त्याच्या बाकासमोर जाऊन उभा राहिलो आणि आवाज चढवून म्हणालो, "काढ, नाहीतर बाहेर हो." त्याने बाक ढकलला, कंपासपेटी खाली आपटली, कोनमापक घसरत दारापर्यंत गेला आणि मागच्या दोघांनी "ओऽऽ" असा सूर लावला. त्या क्षणी वही काढणे त्याला शक्यच नव्हते, कारण काढली असती तर सात जणांदेखत तो हरला असता. मलाही मागे हटता येईना, कारण माझेही प्रेक्षक तेच होते.

जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आक्रमक मुलांच्या घरांतील भांडणांचा अभ्यास करून हा फेरा फार पूर्वीच मांडला आहे. एकाने आवाज चढवला की दुसरा त्याहून चढवतो आणि शेवटी जो माघार घेतो, तो समोरच्याला "ताणून धरले की जिंकता येते" एवढेच शिकवतो. म्हणून अशा प्रसंगी जिंकण्याचा विचारच सोडून द्यावा आणि प्रेक्षक कमी करावेत. इतरांना आधी काहीतरी लिहायला द्यावे, मग त्या मुलाच्या समोर नव्हे तर बाजूला, शक्य तर खाली वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगावे, "पहिली दोनच गणितं कर. वहीत कर नाहीतर या कागदावर." एवढे बोलून तेथून निघून जावे. हे निघून जाणे सर्वांत अवघड असते. आपण डोक्यावर उभे राहिलो तर मुलगा आपल्याकडे पाहत बसतो. आपण वळलो की तो कागदाकडे पाहतो. एखादे मिनिट काहीच झाले नाही तरी मागे वळून पाहू नये. कागद फाडला तर शांतपणे दुसरा ठेवावा, त्यावर टिप्पणी करू नये. या पद्धतीने दर वेळी गणिते होतात असे मुळीच नाही, पण बाक ढकलण्याची वेळ क्वचितच येते.

भडका उडालेला असताना समजावणे

मुलाचा पारा चढलेला असताना त्याला नीती शिकवणे म्हणजे उकळत्या दुधावर फुंकर घालत बसण्यासारखे आहे. गॅस बंद कोणी करायचा हा प्रश्न तसाच राहतो. मुलांच्या वर्तनाचे अभ्यासक जेफ कॉल्विन यांनी अशा उद्रेकाचे सात टप्पे सांगितले आहेत: शांत अवस्था, ठिणगी, अस्वस्थता, वाढता ताण, कडेलोट, ओसरणे आणि सावरणे. शिक्षकाचे शब्द कामी येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात. आपण बोलायला लागतो ते मात्र पाचव्यात. प्रत्येक मुलाची अस्वस्थतेची खूण वेगळी असते आणि ती पाठ असणे हाच या कामातला खरा अभ्यास आहे. माझ्या वर्गातला एकजण पेनाचे टोपण लावतो-काढतो, दुसऱ्याचा गुडघा बाकाखाली हलू लागतो, एक मुलगी अचानक फार गोड बोलू लागते. टोपण वाजू लागले की मी त्याला हजेरीपट देऊन कार्यालयात पाठवतो. हजेरीपटाचे तेथे कोणालाच काम नसते. काम असते ते जिना उतरून चढण्याचे. मात्र आरडाओरडा झाल्यानंतर असे पाठवू नये, नाहीतर ओरडले की बाहेर जायला मिळते हा हिशेब मुले दोन दिवसांत मांडतात.

कडेलोट झालाच, वस्तू फेकल्या जाऊ लागल्या, तर त्या एकाला ओढत बाहेर नेण्याऐवजी इतर सात जणांना बाहेर काढावे. खोली रिकामी झाली की प्रेक्षक गेले आणि मार लागण्याचा धोकाही टळला. आपण दाराजवळ थांबावे, पण दार अडवू नये. नंतरची चूक माफीची घाई करण्याची असते. श्वास लागलेल्या, घामाने भिजलेल्या मुलाला दहाव्या मिनिटाला "सॉरी म्हण" असे सांगितले की दुसरा भडका ठरलेलाच. शरीर पूर्वपदावर यायला अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. बोलणे त्यानंतर, कधी तर दुसऱ्या दिवशी करावे आणि त्यातही "असं का केलंस?" हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक नसते. "त्याच्या आधी काय झालं होतं?" असे विचारले तर मुले बरेच काही सांगतात.

वागणे पाहणे, पण त्यातून मिळते काय हे न पाहणे

एक मुलगी मराठीच्या तासाला हटकून भांडण काढायची. शेजारणीची वही ओढायची, शिवी द्यायची, मग तिला बाहेर बसवले जायचे आणि ती निमूटपणे जाऊन बसायची. सगळे मिळून तिला उद्धट म्हणत होतो. तीन रकान्यांची वही घालून रोज नोंद करायला लागलो: आधी काय घडले, तिने काय केले, नंतर तिला काय मिळाले. तीन आठवड्यांच्या नोंदीत पहिल्या रकान्यात जवळपास प्रत्येक वेळी एकच गोष्ट होती, प्रकट वाचन. आणि तिसऱ्या रकान्यात बाहेर जाणे. म्हणजे आम्ही जिला शिक्षा समजत होतो, तीच तिची सुटका होती. तिला जोडाक्षरे वाचता येत नव्हती आणि सात जणांसमोर अडखळण्यापेक्षा उद्धट ठरणे तिला परवडत होते.

अशा वेळी वागण्यावर उपाय करून भागत नाही, वाचनाची तपासणी करावी लागते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या मूलभूत अडचणीची, तपासणी होते, वाशीत नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र आहे आणि समुपदेशनासाठी ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नोंदवलेल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि राज्य मंडळ दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देते. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि तपासणीच्या फेऱ्यांत महिने जातात. म्हणून परीक्षेचा अर्ज भरताना धावपळ करण्याऐवजी ही कामे आठवी-नववीतच सुरू करावीत.

येथे आणखी एक गफलत होते. कारण सापडल्यावर आपण मुलीला बाहेर बसवणे थांबवतो आणि तिचे वागणे सुधारण्याऐवजी एकदम बिघडते. मग तिसऱ्या दिवशी शिक्षक कंटाळून "हे काही चालत नाही" म्हणतात आणि पुन्हा बाहेर बसवतात. वास्तविक जे वागणे आजवर फळाला येत होते, ते फळ मिळेनासे झाले की विझण्याआधी जोर धरते. बटण दाबूनही लिफ्ट आली नाही की आपण ते चार वेळा दाबतो, तसे. या दिवसांत माघार घेतली तर मूल शिकते ते एवढेच, की पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. अर्थात त्याच वेळी तिला सुटकेचा दुसरा, सन्मानाचा मार्ग द्यायलाच हवा. आमच्याकडे तिने आधी माझ्याजवळ बसून परिच्छेद वाचायचा आणि वर्गासमोर वाचायचे की नाही हे स्वतः ठरवायचे, असे ठरले. दिवाळीनंतर एकदा तिने चार ओळी वाचल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरेच झाले.

टाळ्या आणि गुण

पंधरा वर्षांच्या मुलाच्या वहीवर चांदणी चिकटवू नये. सर्वांसमोर "शाब्बास" म्हटले तर या वयातली कित्येक मुले उरलेला तास मुद्दाम बिघडवतात, कारण सरांचा लाडका ठरणे त्यांना परवडत नाही. कौतुक जाता जाता, हळू आवाजात आणि नेमके करावे: "आज त्याने डिवचलं तरी तू उठला नाहीस, पाहिलं मी." चांगल्या वागण्याला गुण देण्याची पद्धत ठेवली असेल तर मिळवलेले गुण परत काढून घेऊ नयेत. खेळाचा तास तर शिक्षा म्हणून कधीच बंद करू नये. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते त्याचाच तो बंद होतो.

झोप, भूक आणि गोळी

पहिल्या तासाला डोके टेकून झोपणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याची रात्र कुठे गेली हे विचारावे. आमच्या भागात वडिलांबरोबर वाशीच्या एपीएमसी बाजारात पहाटे गाड्या उतरवायला जाणारी मुले आहेत. गुरुपौर्णिमेनंतर दहीहंडीचे सराव सुरू झाले की ठाण्या-दिव्याकडची मुले रात्री उशिरापर्यंत मैदानात असतात आणि सकाळी क्षुल्लक कारणावरून भांडतात. त्या दिवसांत मी अवघड धडा पहिल्या तासाला घेत नाही.

अतिचंचलतेसाठी मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलांबाबत एक गोष्ट माहीत असावी. या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तासांत ओसरतो आणि त्याने भूकही मंदावते. सकाळी सातला गोळी घेतलेला, डबा न खाल्लेला मुलगा साडेअकराला बिथरला, तर तो हट्ट नसून घड्याळाचा प्रश्न असू शकतो. आपण वेळा लिहून ठेवाव्यात आणि तो कागद पालकांमार्फत डॉक्टरांकडे पोहोचवावा. गोळी बंद करा किंवा वाढवा, असा सल्ला शिक्षकाने कदापि देऊ नये.

तक्रारीपुरता फोन

शाळेचा नंबर दिसला की ज्या आईच्या पोटात गोळा येतो, ती आई दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. पहिला फोन काहीच बिघडलेले नसताना करावा. "ताई, तक्रार नाहीये, आधी ते सांगतो. आज त्याने तास संपल्यावर स्वतःहून फळा पुसला," असे मी एकदा म्हणालो तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. पुढे खरोखर अडचण आली तेव्हा त्या बाई धुणीभांड्याची कामे आटोपून स्वतः आल्या. "पालकांना घेऊन ये, तोपर्यंत बसू नकोस" ही चिठ्ठी मात्र अशा घरी अनेकदा मारालाच निमंत्रण ठरते. शाळेत मारणे आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. तोच मार आपण चिठ्ठीतून घरी पाठवू नये.

"कोणाला सांगणार नाही"

हे वचन देऊ नये. मूल विश्वासाने काही सांगू लागले की आपण भावनेच्या भरात असे बोलून जातो आणि मग ते लैंगिक अत्याचाराबद्दल सांगते. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणून आधीच सांगावे, "तुझ्या सुरक्षिततेला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, पण तुला न सांगता काही करणार नाही." भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येणारा मुलगा हातावरच्या जखमा लपवत असू शकतो; त्याला वर्गात बाह्या वर करायला लावू नये, एकट्याला गाठून विचारावे. मरणाचा विषय निघाला तर स्पष्ट शब्दांत विचारावे, विचारल्याने ती कल्पना डोक्यात घातली जात नाही. त्या वेळी मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी पालक आणि समुपदेशक यांना गाठावे. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक फोनमध्ये आधीच असावेत.

कालचे भांडण आज चालू ठेवणे

वर्गातील शिस्तीचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० साली मांडलेला निष्कर्ष मला फार उपयोगी पडला: शिस्तीचे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांतले शिक्षक गोंधळ झाल्यावर जे करतात त्यात मोठा फरक नसतो, फरक असतो तो त्याआधीच्या वागण्यात. लहान वर्गात "त्याआधी" म्हणजे सकाळचे दार. काल ज्याच्याशी वाजले त्याच्याशी आज दारातच पहिले वाक्य साधे बोलावे, "बस उशिरा आली का रे?" इतके साधे. कालचा विषय काढू नये, खास लाडही करू नयेत.

आणि आपण रजेवर असू त्या दिवसाची तरतूद करून ठेवावी, कारण बदली शिक्षक आला की आठवडाभराचे काम दोन तासांत विस्कटते. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कोणाला खिडकीपाशी बसवावे, कोणाला प्रकट वाचन लावू नये, कोणत्या दोघांना एकत्र पाणी प्यायला सोडू नये, टोपण वाजू लागले तर हजेरीपट कोणाच्या हाती द्यावा, एवढेच त्यावर आहे. नावांऐवजी बाकांचे क्रमांक आहेत, कारण कपाट कधीतरी उघडे राहतेच.