विखंडन आणि संमीलनातून सुटणारी ऊर्जा वहीवर कशी मोजावी

नाशिकमध्ये बारावीच्या विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना एक समज हमखास समोर येतो: अणूच्या केंद्रकात ऊर्जा कोंडलेली असते आणि ते फोडले, म्हणजे विखंडन केले, की ती बाहेर पडते. हा समज कायम राहिला तर संमीलन कळतच नाही, कारण तिथे काहीही फुटत नाही, उलट दोन केंद्रके एक होतात. दोन्ही क्रियांत ऊर्जा सुटते ती एकाच कारणाने: क्रियेनंतरचे कण आधीपेक्षा अधिक घट्ट बांधले जातात. हे पाठ करण्यापेक्षा स्वतः मांडून पाहावे. त्यासाठी आलेखाचा कागद, साधा कॅल्क्युलेटर आणि अणुवस्तुमानांचा सहा दशांश स्थळांपर्यंतचा तक्ता पुरेसा आहे.

प्रथम आलेख काढावा. आडव्या अक्षावर केंद्रकातील प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या शून्य ते २४०, आणि उभ्या अक्षावर प्रत्येक कणामागची बंधनऊर्जा शून्य ते ९ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अशी घ्यावी. केंद्रकातील सर्व कण सुटे करण्यासाठी जेवढी ऊर्जा खर्च करावी लागते ती बंधनऊर्जा. ते कण एकत्र येताना नेमकी तेवढीच ऊर्जा बाहेर पडलेली असते. आता बिंदू मांडावेत (नावापुढचा आकडा म्हणजे कणांची एकूण संख्या): ड्यूटेरिअम (हायड्रोजन-२) १.११, ट्रिटिअम (हायड्रोजन-३) २.८३, हेलिअम-४ ७.०७, लोखंड-५६ ८.७९, क्रिप्टॉन-९२ ८.५१, बेरिअम-१४१ ८.३३ आणि युरेनिअम-२३५ ७.५९. रेषा जोडली की डावीकडे ती उभी चढते, लोखंडाच्या आसपास सर्वांत उंच असते आणि तिथून उजवीकडे हळूहळू उतरते. हलकी केंद्रके एकत्र आली किंवा जड केंद्रक दुभंगले, तरी कण या शिखराकडेच सरकतात.

आता विखंडनाची वजाबाकी. युरेनिअम-२३५ ने एक न्यूट्रॉन शोषला की ते अनेक प्रकारे दुभंगू शकते. त्यांपैकी बेरिअम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन ही वाट घेऊ. (१९३८ च्या डिसेंबरात ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना बेरिअमच सापडले होते आणि त्यावरूनच लिझ माइटनर व ओटो फ्रिश यांनी केंद्रक दुभंगल्याचा अर्थ लावला.) सर्व आकडे अणुवस्तुमान एककांत आहेत.

आधी: २३५.०४३९३० + १.००८६६५ = २३६.०५२५९५
नंतर: १४०.९१४४११ + ९१.९२६१५६ + ३.०२५९९५ = २३५.८६६५६२
तूट: ०.१८६०३३

वस्तुमानातली ही तूटच ऊर्जा बनून बाहेर पडते; एक एकक वस्तुमान म्हणजे ९३१.४९४ एमईव्ही. गुणाकार केला की १७३.३ एमईव्ही येतात. इथे घाईने दोन दशांश स्थळांवर थांबू नये. संपूर्ण उत्तर शेवटच्या आकड्यांत असते आणि लवकर पूर्णांकन केले तर ते पार बिघडते.

हेच उत्तर आलेखावरून पडताळावे. बेरिअमची बंधनऊर्जा १४१ × ८.३३ आणि क्रिप्टॉनची ९२ × ८.५१, त्यांच्या बेरजेतून २३५ × ७.५९ वजा केले की सुमारे १७४ येतात. सुट्या न्यूट्रॉनांची बंधनऊर्जा शून्य असल्याने ते या हिशेबात येत नाहीत. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर मिळते तेव्हा विद्यार्थ्याचा विश्वास बसतो, म्हणून ही पायरी मी कधीही गाळू देत नाही.

ही ऊर्जा मुख्यतः तुकड्यांच्या वेगाच्या रूपात दिसते. ५६ आणि ३६ प्रोटॉनांचे दोन तुकडे एकमेकांना विद्युतबलाने जोरात दूर लोटतात आणि इंधनात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आतच थांबतात. त्या थांबण्यातच इंधन तापते. तुकड्यांचा पुढचा किरणोत्सारी क्षय धरला तर एका विखंडनामागे सरासरी सुमारे २०० एमईव्ही मिळतात. एक किलो युरेनिअम-२३५ पूर्ण विखंडित झाले तर सुमारे ८२ लाख कोटी ज्यूल उष्णता होते. एक किलो कोळशाची उष्णता १.६७ कोटी ज्यूल धरल्यास हा सुमारे ४,९०० टन कोळसा झाला. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातील २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालवला आणि युनिटमागे ०.७ किलो कोळसा लागतो असे मानले, तर एवढा कोळसा सुमारे ३३ तास पुरेल. मात्र नैसर्गिक युरेनिअममध्ये हे समस्थानिक, म्हणजे युरेनिअमचा २३५ कणांचा हा प्रकार, जेमतेम ०.७ टक्के असते, हेही हिशेबात धरावे.

संमीलनासाठी ड्यूटेरिअम आणि ट्रिटिअम घ्यावेत.

आधी: २.०१४१०२ + ३.०१६०४९ = ५.०३०१५१
नंतर: हेलिअम ४.००२६०३ + न्यूट्रॉन १.००८६६५ = ५.०११२६८
तूट: ०.०१८८८३, म्हणजे १७.६ एमईव्ही

२०० पुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण इथे पाचच कण आहेत. कणामागे भागाकार केला तर संमीलनात सुमारे ३.५ आणि विखंडनात सुमारे ०.८५ एमईव्ही येतात, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या इंधनातून संमीलन चौपट ऊर्जा देते. आलेखाची डावी बाजू इतकी उभी का, हे इथे उमगते.

मग वीज केंद्रे विखंडनावरच का चालतात? न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो अगदी मंद गतीनेही युरेनिअमच्या केंद्रकात शिरतो आणि नंतर सुटलेले न्यूट्रॉन साखळी पुढे नेतात. तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ पासून याच तत्त्वावर आहेत. संमीलनात दोन्ही केंद्रके धनभारित असतात आणि त्यांना जवळ आणण्यासाठी प्रयोगशाळेत दहा कोटी अंशांहून अधिक तापमान लागते. एवढ्या तापमानाला इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे होतात; अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत असा तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवण्यावर काम चालते.

सरावासाठी सूर्याचे गणित सोडवावे; तिथे हायड्रोजनच्या संमीलनातून हेलिअम बनते. चार हायड्रोजन अणूंचे वस्तुमान ४ × १.००७८२५, त्यातून हेलिअमचे ४.००२६०३ वजा करावे. तूट ०.०२८६९७ आणि ऊर्जा २६.७ एमईव्ही आली पाहिजे. प्रोटॉनचे नव्हे, पूर्ण अणूचे वस्तुमान घ्यावे; म्हणजे वाटेत निर्माण होणाऱ्या दोन पॉझिट्रॉनांचा (धनभारित इलेक्ट्रॉनांचा) इलेक्ट्रॉनांशी होणारा नाश आपोआप हिशेबात येतो.