युद्धकालीन व्यंगचित्रावरून विनोदी डायोरामा करताना या चुका टाळा

युद्धकाळातल्या व्यंगचित्रावरून डायोरामा, म्हणजे छोट्या प्रतिकृतींनी उभा केलेला त्रिमितीय देखावा, करताना फसगत होते ती बहुधा हस्तकौशल्यामुळे नव्हे. किटची, म्हणजे प्रतिकृतीच्या सुट्या प्लास्टिक भागांच्या संचाची, जोडणी सफाईदार असते, रंगकाम नेटके असते, गाडीवरचा चिखलसुद्धा पटण्याजोगा असतो. तरीही पाहणारा पाटी वाचतो, मान डोलावतो आणि पुढे सरकतो, कारण हसू कशाचे यायला हवे होते हेच त्याला कळलेले नसते. कागदावरचे चित्र चित्रकाराने ठरवलेल्या एकाच कोनातून दिसते, नको ते सगळे त्यातून आधीच गाळलेले असते आणि पुष्कळदा खाली एखादे वाक्यही असते. डायोरामाला यांतले काहीच आयते मिळत नाही. म्हणून या प्रकारात विनोद एकाच जागी ठेवावा आणि त्याच्याभोवतीचे सगळे काटेकोरपणे खरे असावे, असे माझे ठाम मत आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हे पथ्य न पाळल्यामुळे होतात.

वाक्यावर उभे असलेले चित्र निवडणे

पहिल्या महायुद्धात ब्रूस बेर्नसफादर यांचे एक चित्र १९१५ मध्ये ‘द बायस्टँडर’ या ब्रिटिश साप्ताहिकात आले आणि अफाट गाजले. तोफगोळ्यांचा मारा चालू आहे, दोन सैनिक एका खड्ड्यात अंग चोरून बसले आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्याला ऐकवतो आहे की याहून चांगला खड्डा ठाऊक असेल तर खुशाल तिकडे जा. यातला सगळा विनोद त्या वाक्यात आहे. वाक्य काढून घेतले की खड्ड्यात बसलेली दोन माणसे उरतात, आणि तसे डायोरामे गंभीर विषयांवरही शेकड्याने होतात.

याउलट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या वृत्तपत्रासाठी चित्रे काढणारे आणि १९४५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारे बिल मॉल्डिन यांचे १९४४ मधले चित्र घ्या. घोडदळातला एक जुना सार्जंट पुढचे चाक मोडून पडलेल्या जीपशेजारी उभा आहे. एका हाताने त्याने स्वतःचे डोळे झाकले आहेत आणि दुसऱ्या हातातले पिस्तूल जीपच्या बॉनेटवर रोखले आहे. पाय मोडलेल्या घोड्याला यातनांतून सोडवण्याची घोडदळाची रीत त्याने यंत्राला लावली आहे. या चित्राखाली एकही शब्द नाही आणि म्हणूनच ते त्रिमितीत जसेच्या तसे उभे राहते.

निवड करताना चित्राखालचे वाक्य झाकावे आणि ते चित्र पूर्वी न पाहिलेल्या माणसासमोर धरावे. त्याला काही उमगले नाही, तर दोन मार्ग उरतात: ते चित्र सोडून देणे किंवा वाक्याचा अर्थ हालचालीत आणणे. बेर्नसफादर यांच्या प्रसंगात एक सैनिक अर्धवट उठून कुरकुर करतो आहे, दुसरा न उठताच बोटाने बाहेर दाखवतो आहे आणि बाहेर अगदी जवळ नुकताच फुटलेला, अजून धुमसणारा दुसरा खड्डा आहे, अशी रचना केली तर वाक्याचे निम्मे काम भूमीच करते.

निवडीतच आणखी एक भान ठेवायला हवे. मॉल्डिन आणि बेर्नसफादर दोघेही स्वतः सैनिक होते आणि त्यांचा विनोद चिखलावर, पावसावर, कंटाळ्यावर, वरिष्ठांच्या हट्टावर म्हणजे स्वतःच्याच हालांवर होता. त्याच काळात शत्रुदेशाच्या माणसांना प्राण्यांच्या रूपात दाखवणारी, वंशद्वेष पसरवणारी प्रचारचित्रेही दोन्ही बाजूंनी भरपूर निघाली. ती इतिहासाचा पुरावा म्हणून अभ्यासावीत. पण त्यांच्यावरून प्लास्टिकमध्ये नवी गंमत घडवण्याचे समर्थन मला करता येत नाही.

सगळेच विनोदी करणे

एका कोपऱ्यात घसरून पडणारा आचारी, दुसऱ्यात बकरीच्या मागे धावणारा शिपाई, मागे चुकीचा मार्गदर्शक फलक, अशी गर्दी झाली की डोळा कुठेच ठरत नाही. एका बेसवर, म्हणजे देखाव्याखालच्या तळफळीवर, एकच प्रसंग असावा आणि बाकीच्या प्रत्येक वस्तूने त्याच्याकडे लक्ष वेधावे. मॉल्डिन यांच्या चित्रांतली हत्यारे, पट्टे, बूट आणि गाड्या अचूक असत, आणि माणसांचे वागणे हास्यास्पद वाटते ते त्या अचूकतेमुळेच. म्हणून १९४४ मधली जीप दाखवायची असेल, तर पुढची जाळी नऊ फटींच्या दाबीव पत्र्याची हवी. जोडपट्ट्यांची जाळी जीप बनवणाऱ्या विलीस कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांवर होती. १९१५ मधल्या ब्रिटिश सैनिकाला लोखंडी हेल्मेट चढवणे ही तर नेहमीची चूक आहे, कारण ती हेल्मेटे सैन्यात सर्रास आली १९१६ मध्ये. किटमध्ये आलेले डोके कापून मऊ टोपीचे डोके बसवावे लागते.

मेंग या किट कंपनीच्या ‘वर्ल्ड वॉर टून्स’ मालिकेतले गोलमटोल रणगाडे किंवा हासेगावाची अंड्याच्या आकाराची विमाने वापरायची असतील, तर हिशोब वेगळा होतो. तिथे वाहनाचीच प्रमाणे मुद्दाम बदललेली असतात, त्यामुळे शेजारी १/३५ ची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाची, सरळसोट फिगर (माणसाची आकृती) उभी केली की दोन्ही खोटी वाटतात. असे वाहन घेतले की माणसेही मोठ्या डोक्यांची, आखूड पायांचीच करावीत.

चेहऱ्यावर विसंबणे

हौशी कारागिरांचा सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. १/३५ प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ५० मिलिमीटरचा होतो आणि त्याचे डोके जेमतेम साडेसहा मिलिमीटरचे. एवढ्या चेहऱ्यावरचे बारीक हसू किंवा वैताग हातभर अंतरावरून दिसतच नाही. दिसते ती शरीराची ठेवण. खांदे पडलेले, गुडघे किंचित दुमडलेले, मान फिरवलेली, वजन एका पायावर टाकलेले, यांतून भावना पोहोचते. फिगर रंगवण्याआधी तिच्यामागे दिवा ठेवून नुसती सावली पाहावी. सावलीतून प्रसंग कळत नसेल, तर रंगाने तो कळणार नाही.

किटमधल्या फिगरची ठेवण बदलताना सांध्यावर नुसता काप घेऊन वाकवल्यास प्लास्टिक पांढरे पडते आणि हात रबरी नळीसारखा दिसतो. कोपर, खांदा आणि कंबर पूर्ण कापून वेगळी करावी, मधे अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार घालून हवी ती ठेवण ठरवावी आणि मगच दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने सांधा भरावा. पुट्टी बोटांना चिकटू नये म्हणून हत्यार पाण्यात बुडवत राहावे. पण पाणी जास्त झाले तर पुट्टी प्लास्टिकला धरत नाही आणि वाळल्यावर पापुद्रा सुटतो. तसे झाले असेल तर तो भाग पूर्ण उकरून पृष्ठभाग खरवडावा आणि पुन्हा भरावा, कारण वरून सुपरग्लू सोडण्याचा उपाय प्राइमरखाली (रंगाआधीच्या अस्तराखाली) उघडा पडतो.

हेल्मेटची कडा हा वेगळाच प्रश्न आहे. टेबलावर ठेवलेला डायोरामा आपण ४० सेंटिमीटर वरून पाहतो, म्हणजे त्या छोट्या जगात १४ मीटर उंचीवरून. तिथून सैनिकांची हेल्मेटेच दिसतात, चेहरे नाहीत. मान चिकटवण्यापूर्वी डोके दहा-पंधरा अंश मागे झुकवावे आणि पूर्ण डायोरामा नजरेच्या रेषेजवळ येईल असा उंच चौथरा द्यावा.

जीप मोडते, पण पडत नाही

मॉल्डिन यांच्या चित्रावर काम करताना सगळी भिस्त मोडलेल्या चाकावर असते. पुष्कळदा चाक तिरके चिकटवलेले असते, पण गाडी सपाटच उभी राहते. प्लास्टिकची गाडी हलकी आणि ताठ असल्यामुळे उरलेल्या तीन चाकांवर ती आरामात तोलते. खऱ्या गाडीचे वजन एक टनाच्या आसपास असल्यामुळे मोडलेला कोपरा खाली बसतो, कर्णरेषेतल्या विरुद्ध टोकाचे मागचे चाक उचलल्यासारखे होते आणि बॉनेटची रेषा कलते. १/३५ मध्ये जीपची लांबी सुमारे ९५ मिलिमीटर आणि चाकाचा व्यास सुमारे २० मिलिमीटर असतो, तेव्हा मोडलेला कोपरा पाच मिलिमीटर खाली आला तरी कल स्पष्ट दिसतो. त्या बाजूची कमानीची पट्टी (स्प्रिंग) कापून सैल करावी, चाक पंचवीस-तीस अंशांनी आत झुकवावे, टायरचा तळ कानशीने सपाट करून मिलिमीटरभर मातीत रुतवावा. चाक फरफटत आल्याची चार-पाच सेंटिमीटरची चरही मातीत ओढावी, म्हणजे गाडी थांबली नाही तर मोडून पडली, हे कळते. हे सगळे रंग लावण्याआधी, गोंद न लावता बेसवर ठेवून पाहायचे असते. नंतर केले की रंग तडकतो.

पिस्तुलाकडे फार जणांचे लक्ष जात नाही. ते १/३५ मध्ये सहा मिलिमीटरचे असते. गर्द हिरव्या जीपच्या पार्श्वभूमीवर काळपट पिस्तूल धरले तर ते अक्षरशः हरवते आणि मग सार्जंट डोळ्यांत गेलेला कचरा काढतो आहे असे वाटते. म्हणून हात शरीरापासून पूर्ण लांब न्यावा आणि ठरवलेल्या कोनातून पिस्तुलामागे फिकट, धुळकट जमीन किंवा मोकळी जागा येईल अशी मांडणी करावी. नळीची दिशा बॉनेटच्या मध्यावर आहे का, हे बारीक तार टेकवून तपासावे.

सगळ्या बाजूंनी पाहण्यासारखे करण्याचा हट्ट

व्यंगचित्राला एक समोर असतो, डायोरामालाही एक समोर द्यावा. गाडी बेसच्या कडेला समांतर ठेवू नये, थोडी तिरपी ठेवावी. पाठीमागे पडकी भिंत, बांध किंवा झुडपांची रांग द्यावी, म्हणजे प्रेक्षक आपोआप योग्य बाजूला येतो. बेस शक्य तितका लहान असावा. एक जीप आणि एक माणूस यांना १५ सेंटिमीटर लांबीचा बेस पुरतो. त्यापुढची प्रत्येक रिकामी जागा नंतर काहीतरी भरून टाकण्याचा मोह निर्माण करते.

कृष्णधवल रंगकाम अर्धवट सोडणे

छापील चित्राचा भास यावा म्हणून संपूर्ण डायोरामा काळ्या-पांढऱ्या छटांत रंगवण्याची कल्पना सुंदर आहे आणि तितकीच कठीण. पहिली चूक म्हणजे वेगवेगळ्या डब्यांतले तयार राखाडी रंग वापरणे. एकात निळसर झाक असते, दुसऱ्यात तपकिरी, आणि रंग नसलेल्या दृश्यात ही झाक लगेच खुपते. एकाच काळ्यात एकाच पांढऱ्याच्या पाच-सहा पायऱ्या मिसळून त्या बाटल्यांत भरून ठेवाव्यात आणि शेवटपर्यंत त्याच वापराव्यात. दुसरी चूक म्हणजे प्रकाश ठरवलेला नसणे. आधी काळा प्राइमर, मग ठरलेल्या एकाच बाजूने, वरून तिरका फिकट राखाडी फवारा, असा क्रम ठेवला की सावल्या सर्वत्र जुळतात. शाईच्या रेघा सगळ्या कडांना ओढू नयेत. चित्रकारसुद्धा सावलीच्या बाजूलाच जाड रेघ ठेवतो. आणि गवत, पाणी, पाटीच्या अक्षरांसह सगळे याच छटांत यावे लागते. एक हिरवा तुरा राहिला तरी भास मोडतो.

रंगीत काम करायचे असेल, तर गणवेश स्वच्छ ठेवू नका. मॉल्डिन यांचे सैनिक दाढी वाढलेले आणि मळके असतात म्हणून अमेरिकेचे जनरल पॅटन यांनी तक्रार केली होती. त्या मळकेपणातच चित्रांचा जीव आहे. वाढलेल्या दाढीसाठी त्वचेच्या रंगात थोडा निळसर राखाडी मिसळून अगदी पातळ थर जबड्यावर द्यावा. दाट दिला की रंगवलेली दाढी दिसते.

काही झटपट दुरुस्त्या

प्लॅस्टरची जमीन तडकते ती एकाच वेळी जाड थर दिल्याने. खाली फोमने उंची द्यावी आणि वरचा थर तीन-चार मिलिमीटरच ठेवावा. पडलेल्या भेगा पांढऱ्या गोंदात कालवलेल्या बारीक मातीने भरतात. डेकलखाली, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या पातळ पापुद्र्याखाली, चंदेरी हवा दिसत असेल तर सुईने टोचून डेकल मऊ करणारे द्रावण सोडावे. पुढच्या वेळी आधी चकचकीत वॉर्निशचा थर द्यावा. इनॅमल वॉश, म्हणजे खाचांत उतरवायचा अगदी पातळ इनॅमल रंग, उघड्या प्लास्टिकवर सोडल्यास ताणलेले सांधे ठिसूळ होऊन मोडतात, म्हणून वॉशच्या आधी वॉर्निश हवेच. काचेसारख्या भागांना सुपरग्लूने पांढरी वाफ धरते. तिथे पांढरा गोंदच वापरावा. दमट हवेत फवारलेले मॅट वॉर्निश दुधाळ होते, तेव्हा फवारणी कोरड्या दिवसापर्यंत लांबवावी. फिगर मातीवर तरंगल्यासारखी दिसत असेल तर टाचेत तार घालून ती रोवावी आणि बुटांभोवती ओली माती ब्रशने वर चढवावी.

शेवटचे काम पाटीचे. मूळ वाक्य आखडून चार-पाच शब्दांत येत असेल तरच ते लिहावे, विनोद समजावणारे वाक्य कधीही लिहू नये. चित्रकाराचे नाव आणि चित्राचे वर्ष मात्र लहान अक्षरांत जरूर द्यावे. पाटी बेसच्या समोरच्या कडेवर न लावता खालच्या चौथऱ्यावर लावली की नजर आधी प्रसंगावर जाते आणि अक्षरांवर नंतर येते.