सजीवांचे वर्गीकरण करताना या चुका टाळा

वर्गीकरणाचा तक्ता बहुतेकदा पहिल्याच ओळीत बिघडतो. डोमेन (सृष्टीच्याही वरची, सर्वांत मोठी पातळी) लिहिले, त्याखाली सृष्टी म्हणून ‘मोनेरा’ लिहिले की दोन वेगळ्या पद्धतींची सरमिसळ झाली. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या, तेव्हा केंद्रक नसलेले सगळे सजीव मोनेरात गेले. पुढे कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून १९७७ मध्ये दाखवले की मोनेरात मुळातच वेगळे असे दोन गट आहेत. १९९० पासून जीवाणू, आर्किया (हेही केंद्रक नसलेले) आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेले) अशी तीन डोमेन धरली जातात. मोनेरा यांपैकी कोणत्याही एकात मावत नाही. त्यामुळे कोणती पद्धत वापरता ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

‘गरम झऱ्यात सापडला, म्हणजे आर्किया’ ही कसोटीही फसवी आहे. थर्मस अ‍ॅक्वाटिकस गरम झऱ्यातलाच, पण तो जीवाणू आहे. उलट गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करतात ते आर्किया. राहण्याची जागा सोडा, पेशी बघा. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन, म्हणजे शर्करा आणि अमिनो आम्लांचे जाळे, असते. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला भित्तिकाच नसते, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. आर्कियात पेप्टिडोग्लायकन कधीच नसते आणि त्यांच्या पेशीपटलातले मेदरेणू इथर बंधाने जोडलेले असतात. जीवाणूंत आणि आपल्या पेशींत तिथे एस्टर बंध असतो.

रूढ नावावरून कुल (फॅमिली) ठरवू नका. पाणमांजर, जवादी मांजर आणि खवल्या मांजर यांतले एकही मार्जार कुलातले नाही. पहिली दोन निदान मांसभक्षी गणात (ऑर्डर, कुलाच्या वरची पातळी) तरी येतात, खवल्या मांजराचा गणच निराळा आहे: फोलिडोटा.

शास्त्रीय नाव अर्धवट लिहिणे ही चूक छोटी वाटते, पण तिने सगळा घोळ होतो. नुसते ‘इंडिका’ म्हटले तर आंबा, चिंच की कडुनिंब? मँजिफेरा इंडिका, टॅमरिंडस इंडिका, अ‍ॅझाडिरॅक्टा इंडिका ही तिन्ही झाडे तीन वेगळ्या कुलांतली आहेत. प्रजातीचे (जीनस) नाव आधी आणि जातीचे (स्पीशीज) नंतर, दोन्ही मिळूनच ओळख पटते. रोमन लिपीत प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान. छापताना दोन्ही तिरप्या अक्षरांत, हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ.

आद्याक्षर वापरण्याआधी पूर्ण नाव एकदा तरी लिहाच. ‘ई. कोलाय’ म्हणजे एश्चेरिकिया कोलाय हे सर्वांना माहीत असते. पण एन्टामिबा कोलायचे लघुरूपही तेच, आणि तोसुद्धा माणसाच्या आतड्यातच राहतो. एक जीवाणू, दुसरा केंद्रक असलेला अमीबा. चूक थेट डोमेनची होते.

हापूस, केशर, पायरी यांना आंब्याच्या जाती म्हणण्याची आपली पद्धत आहे. बाजारात ते चालते, तक्त्यात नाही. ही सगळी एकाच मँजिफेरा इंडिका या जातीची लागवडीखालची वाणे आहेत. वाणाचे नाव जातीच्या नावापुढे एकेरी अवतरणात आणि सरळ अक्षरांत लिहायचे: मँजिफेरा इंडिका ‘अल्फान्सो’.

नावाचा शेवट पाहून पातळी ओळखता येते. वनस्पतींचे कुल ‘-एसी’ने संपते, गण ‘-एल्स’ने; प्राण्यांचे कुल ‘-इडी’ने, उपकुल ‘-इनी’ने. म्हणून फेलिडी हे कुल आणि फेलिनी हे त्यातले उपकुल. मात्र ‘-एसी’ दिसले की वनस्पतीच, असे धरू नका. जीवाणूंच्या कुलांनाही तोच प्रत्यय लागतो, जसे एन्टरोबॅक्टेरिएसी.

जुन्या पुस्तकातून नाव उचलण्याआधी ते बदलले आहे का, ते तपासा. आपली बाभूळ अकेशिया निलोटिका होती, आता ती व्हॅचेलिया निलोटिका आहे. जीवाणूंच्या संघांची (फायलम) नावेही २०२१ मध्ये ‘-ओटा’ने संपणारी झाली: फर्मिक्यूट्सचे बॅसिलोटा, प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनाडोटा. वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाची ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही सूची उघडा. जुने नाव टाकले तरी ती आजचे मान्य नाव दाखवते; तेच तक्त्यात घ्या आणि जुने नाव समानार्थी म्हणून शेजारी नोंदवा.