बुतुआनला जाताय? मग या चुका टाळा

कितीतरी प्रवासी बुतुआनमध्ये फक्त बस बदलतात. सुरिगाव गाठायचं, तिथून बोटीनं सियार्गाव बेटावर जायचं, नाहीतर उलट दिशेला कागायान दे ओरो. फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटाच्या ईशान्येला, अगुसान नदीच्या मुखाजवळ वसलेलं हे शहर त्यांच्या लेखी एक बसस्थानक असतं. इतिहासाच्या ओढीनं मुद्दाम येणारेही पुष्कळदा हिरमुसून परततात. दोष शहराचा नसतो, चुकीच्या ठिकाणी चुकीची वस्तू शोधली जाते. बुतुआनवर माझा जीव आहे, म्हणून या चुका जरा सविस्तर सांगते.

सुवर्णतारा बुतुआनमध्ये शोधणं

आपल्याकडून होणारी ही सगळ्यात मोठी चूक. 1917 साली वादळ आणि पुरानंतर अगुसानची उपनदी असलेल्या वावा नदीच्या काठी मनोबो या आदिवासी जमातीतल्या एका स्त्रीला सोन्याची मूर्ती सापडली. 21 कॅरट सोनं, वजन पावणेदोन किलोच्या वर, मांडी घालून बसलेली देवी. हीच 'सुवर्णतारा'. मूर्तीचं चित्र पाहिलं की मराठी माणूस चटकन ओळखीचं हसतो आणि ती बघायला बुतुआनला निघतो. पण ती तिथे नाही. 1922 पासून ती शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. बुतुआनमध्ये दिसेल ती प्रतिकृती.

असं एकाच मूर्तीचं झालेलं नाही. 1981 साली शेजारच्या सुरिगाव देल सुर प्रांतात सोन्याचा मोठा साठा निघाला. त्यात जानव्यासारखा खांद्यावरून रुळणारा, जवळजवळ चार किलोंचा सोन्याचा गोफ होता. तो आता मनिला महानगरातल्या मकातीमध्ये, आयाला म्युझियममध्ये आहे. 2011 मध्ये अगुसानच्या दलदलीत पकडलेली लोलोंग ही सव्वासहा मीटरच्या आसपास लांबीची मगर 2013 मध्ये मेली. तिचा सांगाडाही मनिलाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.

म्हणून क्रम बदला. मनिलाला विमान बदलणारच असाल, तर तिथे एक दिवस जास्त ठेवा. आधी मकातीत सोनं पाहून घ्या आणि मग बुतुआनला या. ते सोनं कुठल्या नदीच्या वाळूतून आलं असेल आणि कुठल्या होड्यांतून फिरलं असेल, हे नंतर अगुसानच्या काठावर उभं राहिल्यावर नीट कळतं. उलट्या क्रमानं गेलात तर बुतुआन रिकामं वाटेल.

होड्यांचं जुनं वय खरं मानणं

जे बघायला बुतुआनलाच यावं, ते म्हणजे बलांगाय, इथल्या चिखलातून निघालेल्या प्राचीन लाकडी होड्या. 1976 साली लिबर्ताद भागात पुरलेलं सोनं आणि भांडी खणून विकणाऱ्यांच्या हाती चिखलात रुतलेल्या लाकडी फळ्या लागल्या. पुढच्या उत्खननात एकामागून एक होड्या निघाल्या. साधारण 15 मीटर लांब, जाड फळ्यांच्या. या फळ्या कडेला कड लावून लाकडी खुंट्यांनी जोडल्या आहेत. आतल्या बाजूला फळीतच कोरून ठेवलेले उंचवटे आहेत, त्यांना भोकं पाडून ते ताडाच्या जातीच्या झाडाच्या काळ्या दोरानं आडव्या वाशांना बांधत. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी काथ्यानं शिवलेल्या होड्या असत. दोन्ही एकच असं समजू नका, पद्धत वेगळी आहे.

जुन्या लेखांत या होड्यांची वर्षं 320, 990 आणि 1250 अशी दिलेली असतात. 320 या आकड्याचा मोह सुटत नाही, कारण त्यानं होडी आपल्या गुप्तकाळात जाऊन बसते. पण अलीकडे नव्यानं केलेल्या कार्बन चाचण्यांनी त्या साधारण आठव्या ते दहाव्या शतकाच्या आसपास आणून ठेवल्या आहेत. मला यात काही उणेपणा वाटत नाही. उलट आता होड्यांचा काळ बुतुआनच्या लिखित इतिहासाला भिडतो. चीनच्या सोंग दरबाराच्या नोंदींनुसार बुतुआनचा नजराणा तिथे 1001 साली पोचला होता. 1007 मध्ये बुतुआननं आपल्याला चंपा राज्याच्या (आजच्या व्हिएतनाममधल्या) बरोबरीचा मान मिळावा, अशी मागणी केली आणि दरबारानं ती नाकारली. नदीमुखावरच्या एका छोट्या राज्याच्या अंगात एवढी धमक कुठून आली असेल, त्याचं एक उत्तर लिबर्तादच्या चिखलात आहे. आजही फिलिपिन्समधल्या सगळ्यात लहान प्रशासकीय घटकाला 'बरांगाय' म्हणतात. तो शब्द याच होडीवरून आला.

आणखी एक कोडं तिथे सगळ्यांनाच पडतं: नदी एवढी दूर असताना होड्या इथे कशा? नदीनं आणि तिच्या फाट्यांनी जागा बदलल्या आहेत. आज जिथे घरं आणि झाडी दिसते, तिथे कधीकाळी पाणी होतं. लिबर्तादचं बलांगाय स्मारक पाहताना हे मनात धरलंत, तर पायाखालच्या ओलसर मातीकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. याच्या जोडीला दोओंगान भागातलं राष्ट्रीय संग्रहालयही बघा, तिथे तिकीट नसतं. सोमवारी मात्र जाऊ नका, राष्ट्रीय संग्रहालयं त्या दिवशी सहसा बंद असतात.

'हे तर आपलंच राज्य होतं' असं म्हणणं

राजा, श्री, तारा ही नावं ऐकली की छाती फुगते. मुखा म्हणजे चेहरा, दुखा म्हणजे गरीब, गुरो म्हणजे शिक्षक, दिवाता म्हणजे देवता, हे शब्द फिलिपिन्सच्या भाषांत खरोखर आहेत आणि ते मुळात संस्कृतातून आले. बुतुआनला सापडलेल्या हस्तिदंती शिक्क्यावर जावातली जुनी कावी लिपी आहे, तिचं मूळ दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत. सगळं खरं.

पण हे आलं ते जावा-सुमात्राच्या बंदरांतून, व्यापाराच्या वाटेनं, हातोहाती. भारतातून कुणी येऊन इथे राज्य स्थापल्याचा पुरावा नाही. सुवर्णतारेचा घाटही अभ्यासकांना पूर्व जावातल्या ब्राँझच्या मूर्तींशी जुळणारा वाटतो. ती तारा ही बौद्ध देवी आहे की वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या मंडलातली दुसरी कुणी देवी, यावर अजून वाद आहे. स्थानिक माणसासमोर 'हे आम्ही दिलं' म्हणालात, तर त्याच्या पूर्वजांनी समुद्र पार करून जे निवडून आणलं, त्यावर तुम्ही पाणी ओतता. शब्द जुळल्याचा आनंद मात्र जरूर सांगा. 'मुखा'ला आम्हीही मुख म्हणतो, एवढं म्हटलं तरी गप्पा रंगतात.

पहिल्या 'मास'च्या वादात न्यायाधीश होणं

मॅगेलन या दर्यावर्दीच्या ताफ्यानं 31 मार्च 1521 रोजी, ईस्टरच्या रविवारी, फिलिपिन्समधली पहिली 'मास', म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना केली. ती लिमासावा बेटावर झाली, असं 1960 च्या कायद्यानं धरलं आणि 2020 मध्ये तिथल्या राष्ट्रीय इतिहास आयोगानं तेच पुन्हा सांगितलं. बुतुआनमधल्या अनेकांच्या मते मात्र ती जागा त्यांच्याकडच्या मसाव या ठिकाणची. अधिकृत निकाल ठाऊक असू द्या, पण तो कुणाच्या तोंडावर फेकू नका. ताफ्यासोबतच्या पिगाफेत्ता या वृत्तांतकारानं या भागातल्या राजाबद्दल लिहिलं आहे की त्याच्या मुलखात माती चाळली की अक्रोडाएवढे, अंड्याएवढे सोन्याचे तुकडे मिळतात. बुतुआनचं नाव त्या वृत्तांतात आहेच.

दिवस आणि हवामान यांचा हिशेब चुकणं

- जून 2025 पासून भारतीयांना पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण जवळ ठेवा. फिलिपिन्सला पोचण्यापूर्वीच्या 72 तासांत ई-ट्रॅव्हल ही तिथल्या सरकारची ऑनलाइन नोंदणी करा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहा.
- आपल्याकडचा 'थंडीत फिरू या' हा हिशेब इथे उलटा पडतो. बुतुआनला कोरडा ऋतू असा नसतोच आणि सगळ्यात जोराचा पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोसळतो. 2014 च्या जानेवारीत इथे मोठा पूर आला होता. नाताळच्या सुटीत येऊ नका, एप्रिल-मे बरा.
- अगुसानची दलदल शहराच्या बाहेर पडताच लागते, असं नकाशावर वाटतं. प्रत्यक्षात ती नदीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या प्रांतात आहे, रस्त्यानं काही तास. त्यासाठी वेगळा मुक्काम ठेवा, स्थानिक पर्यटन कार्यालयातून वाटाड्या घ्या, स्वतःहून होडी ठरवून आत शिरू नका.
- सुरक्षिततेच्या बाबतीत मिंदानाव म्हटलं की लोक घाबरतात, किंवा अगदीच बेफिकीर असतात. हा प्रदेश प्रचंड मोठा आहे. बुतुआन शहर आणि पश्चिमेकडची सुलू बेटं यांना एका मापानं मोजू नका. डोंगराळ भागात जायचं असेल, तर मात्र आधी चौकशी करा.

शाकाहाराबद्दल 'भाजी द्या' एवढंच सांगणं

भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि वाढणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नाही. शहरात बिसाया भाषा चालते, म्हणून 'वालाय कार्ने, वालाय इस्दा', म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं स्पष्ट म्हणा. मासे खात असाल, तर किनिलाव चुकवू नका. कच्च्या माशाला व्हिनेगर चोळतात आणि त्यात तबोन-तबोन नावाच्या फळाचा रस घालतात.

बांझा वगळणं

वेळ कमी पडला की सगळे आधी हेच गाळतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं. नदीकाठच्या बांझा गावात सतराव्या शतकातल्या चर्चचे अवशेष आहेत. अठराव्या शतकातल्या मोरोंच्या, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मुस्लिमांच्या, हल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं. उरलेल्या दगडी भिंतींना आता बालेते झाडाच्या मुळांनी विळखा घातला आहे. वडाच्याच कुळातलं हे झाड. आपल्याकडच्या पडक्या गढ्यांत वड-पिंपळ जसे भिंत धरून वाढतात, तसंच. बुतुआनची वस्ती अनेकदा हलली, त्यातला हा एक मुक्काम. सकाळी ट्रायसिकल (तीनचाकी रिक्षा) ठरवून जा, परतीचं आधीच बोलून ठेवा. पलागसिंग हा गोड पदार्थही तिथलाच. ताडाच्या जातीच्या झाडाचा साबुदाण्यासारखं सत्त्व, कोवळं खोबरं आणि साखर केळीच्या पानात गुंडाळून शिजवतात. पातोळ्या आवडणाऱ्यानं दोन जास्त घ्याव्यात, एक नदीकडे बघत तिथेच खायला आणि एक विमानतळावर.