समजूतदार भावंडाला गृहीत धरताय? या चुका टाळा

दिव्यांग मुलाच्या बहिणीबद्दल घरात हमखास म्हटलं जातं, "तिचा काही त्रासच नाही हो." पण त्रास न देणं वेगळं आणि त्रास नसणं वेगळं. आई-बाबा दमलेत हे दिसलं की ती गाऱ्हाणी गिळते, आणि मग शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही तरी "नाटकं करू नकोस" म्हणू नका. दुखणं खरंच असतं.

"लहान आहे, तिला काय कळणार" म्हणून निदान लपवलं जातं. ३ ते ६ वर्षांचं मूल मग स्वतःच कारण शोधतं: मी ढकललं म्हणून दादाला चालता येत नाही, मलाही हे होणार. चार वाक्यं पुरतात: "दादाला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूचा निरोप त्याच्या पायांपर्यंत नीट पोचत नाही. तुझ्यामुळे झालेलं नाही. सर्दीसारखं लागतही नाही." एकदा सांगून भागत नाही. नवव्या-दहाव्या वर्षी प्रश्न असतो, मैत्रिणी हसल्या तर काय सांगू? ते उत्तर घरीच दोनदा म्हणून घ्या.

दादानं तिचं चित्र फाडलं, की तोंडातून निघतं, "जाऊ दे, त्याला कळत नाही." तिला मात्र ऐकू येतं, तुझ्या चित्राला किंमत नाही. आधी म्हणा, "चित्र फाटलं, राग येणारच." मग वस्तूंसाठी कुलपाचा कप्पा द्या. दादा मारत असेल तर तिचं काम एकच, तिथून निघून मोठ्यांना हाक मारणं. त्याला धरून ठेवणं नव्हे.

"रविवारी फक्त तुझ्यासोबत" हे वचन मोडतं, कारण ते दादाच्या तब्येतीवर टांगलेलं असतं. त्यापेक्षा आठवड्यातून तीनदा १५ मिनिटं ठेवा. तेवढा वेळ दादाजवळ दुसरं माणूस हवं. फोन बाजूला, अभ्यासाची चौकशी नाही, दादाचा विषय तिनं काढला तरच. वेळ चुकलीच तर नवी वेळ तिथल्या तिथे ठरवा.

पाणी देणं, सोबत खेळणं ठीक, तेही नाही म्हणायची मुभा ठेवून. औषधं देणं किंवा फिट आल्यावर एकटीनं सांभाळणं तिच्यावर नको.

आणि पाहुणे तिच्यासमोर "पुढे तुलाच बघायचंय हं" म्हणाले, तर गप्प बसू नका. तिला ऐकू जाईल असं सांगा, "त्याची सोय लावणं आमचं काम आहे."