पहिली गाडी सेकंड हँड घेताय? या चुका टाळा

दसरा जवळ आला की मला फोन यायला लागतात. मी मेस्त्री नव्हे, पण वीसेक वर्षांत नातेवाइकांबरोबर आणि सोसायटीतल्या मंडळींबरोबर इतक्या जुन्या गाड्या बघितल्यात की लोक हक्काने बोलावतात. अडचण एवढीच की फोन येतो तो टोकन देऊन झाल्यावर. "काका, एकदा गाडी बघून घ्या ना" म्हणजे "काका, चांगली आहे म्हणा." टोकन दिलेल्या माणसाला गाडीतली खोट दिसत नाही, आणि दिसली तरी ते दहा हजार परत मागायला जीभ रेटत नाही. म्हणून आधी गाडी, मग टोकन. मुहूर्त चुकला तर पाडवा आहेच.

पुरातली गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं. त्याआधी २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर. अशा पुरात बुडालेल्या गाड्या भंगारातच जातात असं नाही. त्या धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून दुसऱ्या गावात विकायला उभ्या राहतात.

चिपळूणच्या पुराच्याच वर्षी दसऱ्याला माझ्या भाच्याने पुण्यात एक एमएच-०८ पासिंगची, म्हणजे चिपळूण ज्यात येतं त्या रत्नागिरी जिल्ह्यातली हॅचबॅक बघितली. "मामा, बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त!" मी गावी होतो. म्हटलं, चार दिवस थांब. पण साहेबांना दसऱ्यालाच गाडी दारात हवी होती. मी परतलो तेव्हा हार घालून, नारळ फोडून झाला होता.

दार उघडलं आणि अत्तराचा भपका आला. डॅशबोर्डवर एक, एसीच्या जाळीवर एक, सीटखाली एक, अशा तीन बाटल्या. मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वीतभर पट्टा चॉकलेटी निघाला, त्यावर पाण्याची रेघ स्पष्ट. डिकीतली स्टेपनी उचलली तर खालच्या खोलगटीत, कोपऱ्यात बारीक गाळ. जॅक गंजलेला. भाचा गप्प.

डिसेंबरात खिडकीची काच आपोआप खाली जायला लागली, मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेचना. इलेक्ट्रिशियनने कार्पेट उचललं, तर वायरिंगच्या जोडांवर हिरवं कीट. स्वस्तात पडलेल्या लाखातले साठ हजार तिथेच गेले, वर गाडी तोट्यात विकली ती वेगळीच.

तेव्हापासून अत्तर मारलेल्या गाडीकडे मी संशयानेच बघतो. चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढतो, स्टेपनी उचलतो, मोबाइलच्या उजेडात डॅशबोर्डखाली बघतो. विकणारा वैतागला तर वैतागू दे.

गरम इंजिन

गाडी सकाळी सातला बघायची, आणि आम्ही येईपर्यंत चालू करू नका असं आदल्या रात्री सांगून ठेवायचं. पोचल्यावर मी पहिला हात बॉनेटवर ठेवतो. गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवलीय. मग मी चहाला जातो, तीन तासांनी येतो. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला जे बोलतं ते नंतर बोलत नाही: खडखड, निळसर धूर, मेलेली बॅटरी. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ फेस दिसला तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे, मेस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. हे यूट्यूबवर दहा मिनिटांत शिकून आलेली मुलं संध्याकाळी सहाला गाडी बघायला जातात आणि पत्र्यावर टिचक्या मारत बसतात!

कागद

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ते आधी बघा. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरतो असं समजू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा लागतो. "सह्या करून देतो, ट्रान्सफर नंतर सावकाश करा" म्हणणाऱ्याला हात जोडा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच आठवड्यात आरटीओत गेले पाहिजेत. कायद्याने घेणाऱ्याला ३० दिवस दिलेत, ते आळस करायला नव्हेत. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, तुम्हाला मिळणार नाही, हप्त्याचा हिशेब तसाच धरा.

थकलेली ई-चलनं विकणाऱ्याला भरायला लावा.

दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल गाडी दिसली तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स धरून किंमत परत मांडा.

टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर मी बदलतोच.

आणि सगळे पैसे गाडीतच घालू नका. मी तीसेक हजार बाजूला ठेवायला सांगतो. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, फिल्टर, कूलंट बदलून टाकायचं, आधीचा मालक "गेल्याच महिन्यात केलंय" म्हणाला तरी.